गणपती विसर्जनाच्या गर्दीच्या आखणीत नकाशाची वेळपट्टी (वेळेनुसार नकाशा बदलत दाखवणारी सोय) कामाची, थ्रीडी दिखाऊ. पटतंय का?

नकाशेवाला
क्यूजीआयएससारख्या नकाशाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी आहे, आणि २०२० च्या ३.१४ आवृत्तीपासून टेम्पोरल कंट्रोलर, म्हणजे ही वेळपट्टीही. थ्रीडी बैठकीत साहेबांना दाखवायला ठीक. खरं काम वेळपट्टी करते. बॅरिकेड, बंद रस्ते, रुग्णवाहिकेची वाट, प्रत्येकाला 'सुरू' आणि 'बंद' असे दोन रकाने द्या, लेयरच्या (नकाशावरच्या थराच्या) प्रॉपर्टीजमध्ये टेम्पोरलला ते जोडा, टप्पा १५ मिनिटांचा ठेवा. रात्री ९ ला एकच गल्ली पार्किंगलाही दिली आणि रुग्णवाहिकेलाही, असा घोळ लगेच उघडा पडतो. रकाने तारीख-वेळ प्रकारचेच हवेत, मजकूर चालत नाही. जीपीएसची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येते. साडेपाच तास मिळवायला विसरलात तर रात्री ९ ची गर्दी दुपारी ३.३० ला उभी दिसेल.

भरती_ओहोटी
अहो, गिरगाव चौपाटीवर भरतीला वाळू किती उरणार, हे उंचीशिवाय कसं काढणार? उतार १:४० धरला तर पाणी १ मीटर चढलं की किनारा ४० मीटर आत. थ्रीडी नको म्हणणं म्हणजे समुद्रच विसरणं. फक्त एक खाचखळगा: भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कोष्टकातली भरतीची उंची चार्ट डेटमपासून (सागरी नकाशांच्या, खालच्या ओहोटीजवळच्या शून्य पातळीपासून) मोजलेली असते, जमिनीची उंची सरासरी समुद्रपातळीपासून. मुंबईत दोन्हींत सुमारे अडीच मीटरचा फरक. तो वजा केला नाही तर त्याच उतारावर १०० मीटर वाळू नकाशात उगाच बुडते.

नकाशेवाला
मुद्दा मान्य, पण तो उंचीचा आहे, थ्रीडी चित्राचा नव्हे. आणि फुकटच्या ३० मीटर डीईएमवर (दर ३० मीटरच्या चौकोनाला एक उंची देणाऱ्या नकाशावर) हे करू नका, त्यातली चूकच काही मीटरची असते. लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून चौपाटीचे चार-पाच छेद घ्या, तासातासाच्या किनाऱ्याचे पॉलिगॉन (बंद आकृत्या) काढा आणि तेच वेळपट्टीला जोडा. म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलो.

जिना_मोजा
दोघेही रुंदी विसरलात. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण दगावले. अरुंद जिना थ्रीडीतही जिनाच दिसतो. रकान्यात रुंदी भरल्याशिवाय सॉफ्टवेअरला काय कळणार? ब्रिटिश स्टेडियमच्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेला रुंदीच्या मीटरमागे मिनिटाला ८२ माणसं धरतात, जिन्याला ६६. म्हणजे ३ मीटरच्या जिन्यावरून १९८, आणि तेही एका दिशेने, मध्ये फेरीवाला नसताना!

दुसरं, मैदानाची क्षमता काढताना प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) बघा. वेब मर्केटरमध्ये (ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रोजेक्शनमध्ये) मुंबईचं क्षेत्रफळ सुमारे १२ टक्के फुगतं. खऱ्या १०,००० चौरस मीटरचे ११,२०० होतात. चौरस मीटरला ४ माणसं धरली तर कागदावर ४,८०० माणसं जास्तीची, प्रत्यक्षात त्यांना उभं राहायला जागाच नाही. त्याऐवजी यूटीएम ४३ उत्तर हे प्रोजेक्शन घ्या, सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३.

भरती_ओहोटी
प्रोजेक्शन न बदलताही भागतं. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये (रकान्यांची आकडेमोड करायच्या साधनात) डॉलर-एरिया ($area) वापरा, ते प्रकल्पात निवडलेल्या एलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या किंचित चपट्या गोलावर) मोजतं. नुसतं एरिया फंक्शन सपाट मोजतं, घोटाळा तिथे. थ्रीडीचं म्हणाल तर प्रकाशाचे मनोरे आणि कॅमेरे झाडांआड जातात का, हे शिवाजी पार्कात दुसरं कशाने बघणार?

जिना_मोजा
शिडी लावून.