बंदा आचेमधील मुक्काम : साधे हॉटेल, खोलीपेक्षा सरस कॉफी

बी-५०३ : आपल्या सोसायटीतील सर्वांना सलाम आणि नमस्कार. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही क्वालालंपूरला नणंदेकडे जाणार आहोत आणि तेथून पुढे सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकावरील बंदा आचे या शहरात काही दिवस राहावे असा बेत आहे. ए-२०४ मधील भाई तेथे राहून आले आहेत आणि कॉफीसाठी नाव असलेल्या एका स्वस्त हॉटेलाविषयी ते गच्चीवरील कार्यक्रमात बोलले होते, असे आमच्या सासूबाईंना चांगले आठवते. सासूबाई बरोबर आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि नमाजाच्या वेळा त्या चुकवत नाहीत, म्हणून हॉटेल ‘मुस्लिम फ्रेंडली’ असावे एवढीच आमची अट आहे. कृपया सविस्तर लिहावे; इतरांनाही उपयोग होईल.

ए-२०४ : वालैकुम सलाम, भाभी. प्रथम आपल्या त्या एकाच अटीविषयी लिहितो, कारण माझ्या मते बंदा आचेत नेमकी तीच अट घालण्याची गरज नाही. ‘मुस्लिम फ्रेंडली’ ही खूण बँकॉक किंवा टोकियोत हॉटेल शोधताना फार मोलाची असते, कारण तेथे स्वयंपाकघरात डुकराचे मांस आहे की नाही, खोलीतील फ्रिजमध्ये मद्य ठेवले आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावे लागते. आचे हा इंडोनेशियातील असा एकमेव प्रांत आहे जेथे शरियतवर आधारित प्रांतिक कायदे चालतात; १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकी येथे सरकार आणि बंडखोर यांच्यात शांतता करार झाला आणि त्यानंतर २००६ च्या कायद्याने प्रांताच्या या वेगळ्या अधिकारांना पक्के रूप मिळाले. त्यामुळे तेथील अगदी साध्या लॉजमध्येही मद्य मिळत नाही, जेवण हलाल असते, खोलीच्या छताला किंवा टेबलाच्या खणात किब्ल्याचा, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा, बाण चिकटवलेला असतो आणि मुसल्ला (नमाजाची चटई) मागितला की लगेच मिळतो. जी गोष्ट सगळ्यांकडेच आहे, तिच्यावरून निवड कशी करणार?

तेव्हा हॉटेलवाल्याला वेगळे प्रश्न विचारावेत. इंडोनेशियातील स्वस्त हॉटेलांत खिडकी नसलेल्या खोल्या सर्रास असतात आणि छायाचित्रात पडदा दिसतो म्हणून पडद्यामागे खिडकी असेलच असे नाही. आम्ही उतरलो ते हॉटेल तीन मजली होते आणि लिफ्ट नव्हती. खालाजानना, म्हणजे आपल्या सासूबाईंना, पहिल्या मजल्यावरचीच खोली मिळेल असे लेखी घ्यावे. गरम पाणी असल्याचे सांगितले होते, प्रत्यक्षात ते सकाळी थोडा वेळ कोमट येत असे. न्हाणीघरात मात्र आपल्या सवयीचे सगळे होते : कमोडजवळ जेट, शिवाय पाण्याचा हौद आणि टमरेल, आणि वजूसाठी (नमाजापूर्वी हात-पाय धुण्यासाठी) खालच्या उंचीचा वेगळा नळ. भाडे तीन लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण दीड ते पावणेदोन हजार रुपये. आकडा ऐकून दचकू नये, तेथे साधा चहासुद्धा हजारांत असतो.

पती-पत्नीने एक खोली घेताना लग्नाचा पुरावा मागतात. परदेशी पाहुण्यांना याविषयी फारसे छेडत नाहीत, तरी पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पतीचे नाव असल्यास ते दाखवावे, नसल्यास निकाहनाम्याची प्रत जवळ ठेवावी.

सी-१०१ : भाई, कॉफीविषयी अद्याप एक शब्दही नाही. आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ आणि वेलची. तेथील कॉफीत असे विशेष काय आहे?

ए-२०४ : काकू, आपण योग्य ठिकाणी बोट ठेवलेत, कारण त्या हॉटेलाची शिफारस मी खोलीमुळे करणार नाही, तळमजल्यावरील कॉफीच्या दुकानामुळे करीन. त्या शहरात कॉफीला ‘कुपी’ आणि कॉफीच्या दुकानाला ‘केउदे कुपी’ म्हणतात आणि आपल्याकडे पूर्वी इराणी हॉटेलांत जशी माणसे एका कपावर तासन्‌तास बसत, तशी तेथे सरकारी कारकुनापासून कोळ्यापर्यंत सगळे बसलेले असतात. आमच्या हॉटेलात निवासी पाहुण्यांपेक्षा कॉफीला येणारे बाहेरचेच अधिक होते, आणि मालकाचे लक्षही उघडपणे त्यांच्याकडेच होते.

काउंटरमागे तांब्याच्या किंवा स्टीलच्या मोठ्या भांड्यात पाणी उकळत असते. कॉफीची पूड लांब, मोज्यासारख्या कापडी गाळणीत असते. कारागीर त्यातून काढा गाळतो, गाळणी डोक्याच्या वर उचलतो आणि धार खाली धरलेल्या मगात पाडतो, पुन्हा तोच काढा गाळणीत ओततो. असे अनेकदा केल्यावर कॉफी दाट होते आणि तरी तळाला गाळ राहत नाही. ही पूड बहुधा रोबस्टा जातीच्या कॉफीची असते आणि अनेक भट्ट्यांत दाणे भाजताना साखर आणि मार्गारीन घालतात, त्यामुळे काळ्या कॉफीलाही करपलेल्या गुळासारखा वास येतो. शहराच्या उले करेंग भागातील कॉफी यासाठी विशेष प्रसिद्ध आहे.

तिच्यात थोडेसे घट्ट गोड दूध घालून, फेस येईपर्यंत वर-खाली ओतले की ‘सांगेर’ तयार होते. दूध इतके कमी की कॉफीचा कडूपणा शाबूत राहतो. दूध-कॉफी पिणाऱ्यांनी सुरुवात येथूनच करावी. अर्धा पेला हवा असल्यास ‘कोपी पांचुंग’ मागावी, अर्ध्या पेल्याला कोणी नाक मुरडत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील मेलाबोची पद्धत आणखी निराळी आहे : भरड पूड घातलेल्या कॉफीचा पेला बशीत उपडा घालून देतात, आणि पेल्याच्या कडेला नळीने हलके फुंकले की थोडी कॉफी बशीत उतरते, तीच प्यायची. गाळ पेल्यातच राहतो. आमच्या मुलांनी पहिल्या प्रयत्नात टेबलाला कॉफी पाजली.

जायफळाचे म्हणाल तर तेही तेथे आहे, फक्त कॉफीत नाही. आचेच्या दक्षिण किनाऱ्यावर तापाकतुआनच्या आसपास जायफळाच्या बागा आहेत आणि फळाच्या गराचा साखरेत मुरवलेला गोड पदार्थ बाजारात मिळतो. आपल्याकडे आपण बी उगाळतो. तेथे बीही विकतात आणि गरही खातात.

एक दोषही सांगितला पाहिजे. त्या दुकानात लवंगेच्या सिगारेटींचा धूर इतका असतो की दम्याच्या माणसाने आत बसू नये. आमची खोली दुकानाच्या बरोबर वर होती आणि रात्री उशिरापर्यंत खुर्च्या सरकवण्याचा आवाज आणि तो धूर, दोन्ही वर येत. मागील बाजूची खोली मागावी.

डी-३०४ : काका, मांजराच्या विष्ठेतून काढलेली महागडी कॉफी इंडोनेशियातलीच ना? ती हलाल कशी?

ए-२०४ : प्रश्न चांगला आहे आणि तो तेथील उलेमांनाही पडला होता. तो प्राणी मांजर नसून उदमांजर आहे. आपल्या कोकणातील बागांतही त्याचे भाऊबंद फिरतात. इंडोनेशियातील उलेमांच्या परिषदेने २०१० मध्ये फतवा दिला की दाणा टणक टरफलासह अखंड बाहेर पडला असेल आणि पेरल्यास रुजण्याजोगा असेल, तर त्याला फक्त बाहेरून नापाकी लागलेली असते; म्हणून नीट धुतल्यावर ती कॉफी हलाल ठरते. म्हणजे शरियतची अडचण सुटली. माझी अडचण निराळी आहे : या कॉफीला भाव आल्यापासून उदमांजरे पिंजऱ्यात कोंडून त्यांना केवळ कॉफीची फळे खाऊ घालण्याचा धंदा वाढला आहे, आणि पर्यटकांना विकली जाणारी पूड बहुतेक त्यातलीच असते. आम्ही ती घेतली नाही. चवीसाठीही तिची गरज नाही, कारण त्याच प्रांताच्या गायो डोंगरांत अराबिका जातीची कॉफी पिकते.

सी-१०१ : आम्ही शुद्ध शाकाहारी. समजा, पुढे-मागे आम्हीही गेलो, तर त्या हॉटेलात आमचा निभाव लागेल का, की कॉफीवरच राहावे लागेल?

ए-२०४ : लागेल, परंतु विचारपूस करून. टोफू आणि टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) सगळीकडे मिळतात, गादो-गादो नावाचे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी घातलेले ताट मिळते, भात तर असतोच. मात्र तेथील लाल मिरचीच्या चटणीत आणि कित्येक भाज्यांतही सुकवून आंबवलेल्या कोळंबीचा ‘तेरासी’ घालतात आणि तो डोळ्यांना दिसत नाही. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘तेरासी नको, सुकट नको’ असे स्पष्ट सांगावे लागते. हॉटेलातील नाश्त्याला केळीच्या पानात बांधलेला चिकट भात आणि तळलेली केळी असत, ते आपल्याला निर्धास्त चालेल. मुस्लिम नसलेल्या स्त्रियांना डोके झाकण्याची सक्ती नाही, अंगभर आणि सैल कपडे असले की झाले. मशिदीच्या आवारात मात्र डोके झाकावे लागते.

बी-५०३ : सासूबाई विचारीत आहेत की तेथील नमाजाच्या वेळा आणि पद्धत आपल्यासारख्याच आहेत का, आणि हॉटेलातून जामा मशीद चालत जाण्याजोगी आहे का.

ए-२०४ : खालाजानना सांगावे की इतक्या दूर जाऊन त्यांना घरच्यासारखेच वाटेल. आपण कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे इस्लामी आचारनियमांच्या त्या परंपरेचे, आहोत आणि आचेही शाफई आहे. मुंबईत बहुतेक मशिदी हनफी या दुसऱ्या परंपरेच्या असल्यामुळे अस्रची (तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची) अजान आपल्या वेळेपेक्षा उशिरा होते; तेथे ती आपल्याच हिशोबाने, म्हणजे वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी वाढली की होते. फज्रमध्ये, म्हणजे पहाटेच्या नमाजात, कुनूत ही दुआ पढली जाते. मासळीच्या बाबतीतही हनफी घरांत कोळंबी-खेकडे खावेत की नाही यावरून जो वाद होतो, तो तेथे कोणाला ठाऊक नाही.

घड्याळ मात्र थोडे फसवते. भारतापेक्षा तेथील वेळ दीड तासाने पुढे आहे, पण शहर आपल्या कालपट्ट्याच्या पार पश्चिम कडेला असल्याने सूर्य दुपारी साडेबारानंतर माथ्यावर येतो आणि सकाळही त्या मानाने उशिरा उजाडते. पाचनंतर फज्र होते, लोक मशिदीतून थेट खालच्या दुकानात येतात, आणि कॉफी सगळ्यांत चांगली मिळते ती त्याच वेळी, कारण काढा नुकताच चढवलेला असतो आणि धूर अजून साठलेला नसतो.

तेथील जामा मशीद, म्हणजे बैतुर्रहमान मशीद, आमच्या हॉटेलापासून खालाजाननाही सावकाश चालत जाता येईल एवढ्या अंतरावर होती. १८७३ मध्ये डचांच्या स्वारीत तेथील जुनी मशीद जळाली आणि लोकांचा रोष कमी व्हावा म्हणून डचांनीच १८७९ ते १८८१ या काळात ही बांधून दिली. आरंभी एकच घुमट होता, आता सात आहेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भोवतालचे शहर वाहून गेले तेव्हा ही इमारत उभी राहिली आणि कितीतरी जणांनी आत आसरा घेतला. हॉटेलातील कॉफी गाळणाऱ्या वयस्क गृहस्थांशी मी मुद्दाम याविषयी काही विचारले नाही. त्या शहरात कोणाच्या घरातले कोण गेले आहे हे परक्याने चाचपू नये, असे मला वाटते. ज्यांना जाणून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी त्सुनामी संग्रहालय आहे, आणि वीजनिर्मितीचे २६०० टनांचे जहाज समुद्रातून दोन-तीन किलोमीटर आत वस्तीत येऊन बसले आहे, तेही पाहता येते.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजाच्या वेळी दुकाने बंद असतात, हॉटेलखालचे कॉफीचे दुकानही. त्या दिवशी नमाज होईपर्यंत कोळी समुद्रात जात नाहीत, ही तेथील जुनी रीत आहे. ताजी मासळी हवी असल्यास शनिवारी खावी. रमजानमध्ये गेलात तर दिवसभर दुकान बंद आणि तरावीहच्या रात्रीच्या नमाजानंतर पहाटेच्या सहरीपर्यंत गर्दी, असे उलटे वेळापत्रक असते. मे महिन्यात आपल्याला ही अडचण येणार नाही.

बी-५०३ : जजाकल्लाह, भाई. गायोचे डोंगर पाहावेत का?

ए-२०४ : मुले आणि खालाजान बरोबर असताना मी आग्रह करणार नाही. ताकेंगोन हे तेथील मुख्य गाव बंदा आचेहून सुमारे ३०० किलोमीटरवर आहे, रस्ता वळणांचा आहे आणि सात-आठ तास मोडतात. लुत तावार सरोवर सुंदर आहे, बागा १२०० मीटरच्या वर आहेत, रात्री स्वेटर लागतो. परंतु त्यासाठी वेगळा मुक्काम हवा. तेथे दाणा पुरता वाळण्यापूर्वीच, ओलसर असतानाच त्याचे टरफल काढतात, म्हणून गायोच्या कॉफीत आंबटपणा कमी आणि जडपणा अधिक असतो. त्या कॉफीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती हॉटेलातही मिळते, वेगळी सांगावी लागते आणि रोबस्टापेक्षा महाग असते. माझ्या मते पहाटे गाळणीची रोबस्टा आणि दुपारी गायो घ्यावी. सांगेरमध्ये गायो घालून मागू नये, दूध तिला झाकून टाकते.

बी-५०३ : ठरले. पहिल्या मजल्यावरील, मागील बाजूची, खिडकी असलेली खोली मिळत असेल तरच तेथे उतरू, नाही तर लिफ्ट असलेले दुसरे हॉटेल घेऊ आणि कॉफीसाठी तेथे जाऊ. हॉटेलाचे नाव आणि क्रमांक मला स्वतंत्र पाठवावा.

ए-२०४ : दुसरा पर्यायच खालाजानना अधिक सोयीचा, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. क्रमांक पाठवला आहे.

सी-१०१ : भाभी, जमल्यास आमच्यासाठी गायोचे भाजलेले दाणे पाव किलो आणावेत. दळून नको, आमच्याकडे यंत्र आहे; पाकिटावर भाजल्याची तारीख पाहून घ्यावी. पैसे लगेच देईन.