मदत हवी आहे : शास्त्रीय गायनासाठी बी.ए. संगीत करावे, की गुरूंकडेच शिकत राहावे?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी यंदा बारावी वाणिज्यला असून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा पूर्ण ही परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. पुढे गाणेच करायचे हे तिचे ठरले आहे व त्याला आमची हरकत नाही. अडले आहे ते पदवीपाशी.

तिच्या गुरुजींना परीक्षांचे फारसे कौतुक नाही. परीक्षेच्या अभ्यासक्रमातले अनेक राग तोंडावर आलेले असताना त्यांनी पावसाळाभर तिच्याकडून केवळ यमन घोटून घेतला आणि 'नि रे ग' म्हणताना मधला षड्ज (सा) नकळतही लागू नये, एवढ्यासाठी कित्येक दिवस पुढचा आलाप सांगितलाच नाही. आकाशवाणीची कलाकार म्हणून श्रेणी स्वरचाचणीवर मिळते, तिथे पदवी कोण पाहतो, हा त्यांचा मुद्दा मलाही पटतो. तथापि, निव्वळ मैफलींवर घर चालवणारे गायक थोडेच. बाकीच्यांना शिकवण्या किंवा महाविद्यालयातील नोकरी यांचाच आधार असतो, आणि सहायक प्राध्यापक व्हायचे तर सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुणांसह एम.ए. आणि त्यावर नेट-सेट ही अध्यापकांची पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते.

यजमानांचे मत असे की, तिने आधी बी.कॉम. पदरात पाडून घ्यावे आणि गाणे सोबत चालू ठेवावे. मला ते धोक्याचे वाटते, कारण सकाळचे कॉलेज आणि संध्याकाळचे क्लास यांत पहिला बळी रियाजाचाच जातो (बारावीच्या वर्षात ते पाहतेच आहे). त्यापेक्षा पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बी.ए. केले तर दिवसभर गाण्याच्याच वातावरणात राहता येईल, असे माझे मन सांगते. मात्र आम्ही कोल्हापूरचे, त्यामुळे पुण्याला जाणे म्हणजे गुरुजींची रोजची तालीम सुटणे.

म्हणून संगीतात पदवी घेतलेल्यांना विचारावेसे वाटते की, एका वर्गात अनेक विद्यार्थी असताना गळ्यावर वैयक्तिक मेहनत कितपत घेतली जाते, आणि आधीच्या गुरूंकडे सुट्टीत जाऊन शिकणे तेथील अध्यापकांना रुचते का? दुसरे असे की, गांधर्व मंडळाच्या विशारद आणि अलंकार या मध्यमेपुढच्या परीक्षा पूर्ण करून शाळेत संगीत शिक्षक म्हणून लागलेले कोणी येथे असल्यास, भरतीच्या वेळी त्या प्रमाणपत्रांना विद्यापीठाच्या पदवीइतके वजन मिळाले का, हे कृपया स्वानुभवावरून सांगावे. उघडपणे लिहिणे अवघड वाटल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल.