जमीन नसली तरी अळू येतं

गावाकडे जमीन नसेल तर स्वावलंबनाच्या गप्पा फुकट, असं काही जण म्हणतात. अहो, पूर्ण स्वयंपूर्ण कोण असतं? तेल-मीठ वाण्याकडूनच येणार. पण बाल्कनीत अळू लावून बघा! अर्धी सावली चालते, तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी आवडतं. पानांची खाज मारायला बेसनात चिंच-गूळ सढळ हाताने घाला. वड्या वाफवून तळल्या की घरचे कुंड्यांना नावं ठेवायचे थांबतात.

मातीच्या कुंडीला गेरू फासून तांदळाच्या पिठीने वारली चित्रं काढा. पाड्यांवर बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करतात. मला तरी विकतच्या ब्रशपेक्षा तोच बरा वाटतो. पिठीत थोडा डिंक घाला आणि कुंडी आडोशाला ठेवा, पावसात रंग टिकत नाही.