विषय: बंड्याचे दोन विमे आणि मूळ बिलांचा पेच

मेधा (सध्या मुक्काम विलेपार्ले):
सप्रेम नमस्कार. आमच्या बंड्या कुत्र्याच्या आजारपणाचे वृत्त मागच्या पत्रात कळवलेच होते. तो आता घरी असून व्यवस्थित खातोपितो आहे. प्रश्न बिलाचा आहे. गोचीडतापाच्या उपचारांचे ४८,००० रुपये झाले. बाबांनी इथे घेतलेली ६०,००० रुपयांची आणि दादाने सिंगापूरहून ऑनलाइन काढलेली ४०,००० रुपयांची, अशा दोन्ही पॉलिसी चालू आहेत. दोन्ही कंपन्यांना मूळ बिलेच हवी आहेत आणि ती तर एकच आहेत. शिवाय अर्जात ‘अन्य विमा आहे काय?’ असा रकाना आहे. तो भरला तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील, अशी बाबांना धास्ती आहे. शनिवारी कागद पाठवायचे आहेत.

श्रीकांत:
चि. मेधा, अनेक आशीर्वाद. रकाना भरायचाच, माहिती दडवल्यास दोन्ही दावे अडचणीत येतात. उपचारांचा विमा म्हणजे झालेला खर्च भरून देण्याचा करार असल्याने, दोन पॉलिसी आहेत म्हणून ४८,००० चे ९६,००० होत नाहीत. प्रथम दोन्ही पॉलिसींत ‘काँट्रिब्यूशन’चे, म्हणजे कंपन्यांनी खर्च आपसांत वाटून घेण्याचे, कलम शोध. विमा रकमेच्या प्रमाणात वाटणी लिहिलेली असेल, तर बाबांच्या कंपनीकडून २८,८०० आणि दादाच्या कंपनीकडून १९,२०० असा हिशेब होईल, आणि त्यातूनही को-पे (खर्चाचा आपण स्वतः सोसायचा वाटा) व पॉलिसीत न बसणाऱ्या बाबी वजा होतील. माणसांच्या आरोग्य विम्यात कोणत्या कंपनीकडे आधी जायचे हे ग्राहक ठरवू शकतो. तीच मुभा प्राण्यांच्या पॉलिसीत असेलच असे गृहीत धरू नकोस. मूळ बिले बाबांच्या कंपनीला दे, पण त्याआधी दवाखान्याकडून प्रत्येक पानाची सहीशिक्क्यानिशी प्रत घे. त्या कंपनीने किती रक्कम दिली आणि काय कापले, याचे पत्र त्या प्रतींना जोडून दुसरीकडे पाठव. अशा प्रती चालतील का, हे दुसऱ्या कंपनीला आजच ईमेलने विचार. फोनवरच्या होकाराला पुढे कोणी विचारत नाही.

विद्या:
विम्याचे प्रश्न आधी समितीकडे पाठवावेत असे सभेत ठरले होते, याचे विस्मरण झालेले दिसते. असो. श्रीकांतरावांनी वाटणी समजावली, पण कुत्रा कोणाचा, हे कोणीच विचारलेले नाही. महापालिकेचा परवाना बाबांच्या नावावर असेल, तर सिंगापुरात बसलेल्या दादाचा विमा कंपनी मान्य करील काय? माझ्या भाच्याच्या कुत्र्याच्या बाबतीत, ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपच्या १५ अंकी क्रमांकातला एक अंक चुकला होता, तेवढ्यावरून फाइल परत आली.

नितीन:
विद्याताई, चिपचे कौतुक ठीक आहे, पण पार्ल्यातल्या खासगी दवाखान्याऐवजी परळच्या बैलघोडा रुग्णालयात नेले असते, तर इतके बिल झाले असते का? आमच्या घरची सगळी जनावरे तिथेच बरी झाली.

श्रीकांत:
नितीन, आजारी कुत्र्याला पावसात परळपर्यंत न्यायचे की नाही, हे घरच्यांनी ठरवायचे. विद्याताईंचा मुद्दा मात्र रास्त आहे, आणि त्याने मेधाचे काम कदाचित सोपेच होईल. विमाहित (कुत्र्याच्या आजारपणाने ज्याचे आर्थिक नुकसान होते त्याचा विमा काढण्याचा हक्क) परवानाधारकाचेच आहे असे म्हणत दादाची कंपनी अंग काढून घेईल, तर तिचे नकारपत्र मागून घ्यावे आणि ते दाखवून बाबांच्या कंपनीकडे, वाटणी न करता, देय असलेली पूर्ण रक्कम मागावी. ४८,००० रुपये ६०,००० च्या मर्यादेत बसतातच. तिनेही टोलवाटोलवी केल्यास लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर सांताक्रूझच्या विमा लोकपाल (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) कार्यालयात अर्ज करता येतो; त्याला शुल्क लागत नाही.

मेधा:
काका, परवाना बाबांच्याच नावावर आहे. दादाच्या पॉलिसीत मालक म्हणून त्याचे नाव आहे आणि चिपचा रकाना कोरा आहे. मूळ बिले उद्या बाबांच्या कंपनीत जमा करते. विद्याताई, दादाच्या कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मसुदा समितीकडेही पाठवते. त्यात परवान्याची प्रत आत्ताच जोडावी, की त्यांनी मागितल्यावर, एवढेच कळवावे.