बुकिंगच्या साईटवर नवी डेट-पिकर लायब्ररी: घ्यावी की नको?

पणजीहून
गेस्ट हाऊस आणि होमस्टेच्या साईटवर येण्या-जाण्याच्या तारखा निवडायला एक नवी ओपन सोर्स लायब्ररी (म्हणजे कोणीही वापरावा असा तयार कोड) डोळ्यांसमोर आहे; काम डेट-पिकरचं, म्हणजे कॅलेंडर दाखवून तारीख निवडू देणं. आवृत्ती ०.४.२, लायसन्स एमआयटी, डिपेन्डन्सी (तिला लागणारं दुसरं पॅकेज) एकही नाही, जीझिपने दाबून ९ केबी. मेन्टेनर, म्हणजे तिची देखभाल करणारा, मात्र एकटाच. माझं मत, घ्यावी. तारखांची जुनी लायब्ररी मोमेंट सप्टेंबर २०२० पासून मेन्टेनन्स मोडमध्ये आहे, म्हणजे नवं काही येत नाही. शिवाय त्यात एका तारखेत दिवस मिळवले की मूळ तारीखच बदलते, आणि हा घोळ बिलात उतरेपर्यंत कळत नाही. ब्राउझरच्या आयत्या डेट इनपुटला किमान-कमाल तारीख देता येते, पण मधले भरलेले दिवस बंद करता येत नाहीत. डिसेंबरात निम्मं कॅलेंडर भरलेलं असतं, तिथे हा इनपुट कुचकामी. नवी लायब्ररी नेमकं हेच काम करते.

म्हापशाहून
माझा विरोध. ९ केबी आणि गिटहबवरचे स्टार बघून घ्यायला ही काय बाजारातली मिरची आहे? शून्याने सुरू होणारी आवृत्ती म्हणजे एपीआय (लायब्ररीला हाक मारायची पद्धत) कधीही बदलेल, हे लेखकानेच आधी सांगून ठेवलेलं असतं. आवृत्तीपुढे कॅरट (^) लावून ०.४.२ लिहिलंत तर एनपीएम, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं उतरवणारं साधन, ०.४.९ घेईल, ०.५.० घेणार नाही. म्हणजे ०.५ मध्ये सुरक्षेची दुरुस्ती आली तरी ती आपोआप मिळणार नाही. आणि एकटा मेन्टेनर! २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या एनपीएम पॅकेजचं काय झालं? मूळ लेखकाने कंटाळून पॅकेज मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हवाली केलं. त्याने फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाची डिपेन्डन्सी घुसवली आणि बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारायचा बेत केला. गिटहबवरचा कोड स्वच्छ होता, विष होतं ते एनपीएमवर चढवलेल्या मिनिफाइड (आवळून वाचता न येणाऱ्या) फाइलमध्ये. चवथीच्या आठवड्यात असं काही निघालं तर बघणार कोण?

पणजीहून
म्हणून तर टारबॉल, म्हणजे एनपीएमवर चढवलेला पॅकेजचा गठ्ठा, बघायचा. एनपीएम पॅक चालवून पॅकेज उतरवून घ्या, उघडा, त्याच आवृत्तीचा मूळ कोड (रेपो) स्वतः बिल्ड करा आणि डिफ लावून दोन्हींतला फरक बघा. डिपेन्डन्सी नाही म्हटल्यावर तासाभराचं काम. पॅकेज-जेसनमध्ये पोस्टइन्स्टॉल (बसवताच आपोआप चालणारी आज्ञा) दिसलं तर डेट-पिकरला ते कशाला लागतं, हा पहिला प्रश्न. आणि मेन्टेनर एकटा असला तर धोका, ही सरसकट भीती पटत नाही. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक आणि डीबग या पॅकेजेसच्या विषारी आवृत्त्या आल्या त्या मेन्टेनरला फिशिंगचा ईमेल आला म्हणून. ही तर जगभर वापरली जाणारी, मुरलेली पॅकेजं. त्या आवृत्त्या काही तासांत हटवल्या गेल्या. लॉकफाइल (नेमक्या आवृत्त्यांची यादी) कमिट करून सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेवर, ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा चालवणारे त्यातून सुटले. एनपीएमऐवजी पीएनपीएम वापरत असाल तर मिनिमम-रिलीज-एज ४३२० मिनिटं ठेवा, तीन दिवस जुनी झाल्याशिवाय आवृत्ती येतच नाही.

मडगावहून
दोघेही दारातली रांगोळी बघताय, घरात कोणी शिरलं नाही. बुकिंगची तारीख हा ‘क्षण’ नव्हे, कॅलेंडरवरचा दिवस आहे. लायब्ररी तो कशात ठेवते? तारीख निवडल्यावर कॉलबॅकमधून (आपल्या कोडला परत हाक मारताना) जावास्क्रिप्टचा डेट ऑब्जेक्ट, म्हणजे तारीख आणि वेळ मिळून एक क्षण, देत असेल तर मी तिथेच थांबेन.

कारण साधं आहे. इथे बसून २४ डिसेंबर निवडला, लायब्ररीने स्थानिक मध्यरात्रीचा डेट बनवला, तुम्ही टूआयएसओस्ट्रिंगने त्याचा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मजकूर करून सर्व्हरला पाठवला. तिथे पोचतो २३ डिसेंबर, १८:३० यूटीसी. पहिली दहा अक्षरं कापून घेतलीत की पाहुणा एक दिवस आधी दारात! उलट्या बाजूने, ‘२०२५-१२-२४’ ही स्ट्रिंग थेट डेटला दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. आपल्याकडे ती पहाटे साडेपाच, दिवस तोच, म्हणून चूक दिसत नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्राउझरला तोच दिवस २३ दिसतो.

रात्री मोजण्याचं तर विचारूच नका. लंडनमधून कोणी २५ ते २७ ऑक्टोबर २०२५ बुक केलं. २६ ला तिथे घड्याळ तासभर मागे गेलं, म्हणून दोन मध्यरात्रींमध्ये ४९ तास. मिलिसेकंदांना ८,६४,००,००० ने भागून मॅथ-सील (वरच्या पूर्णांकात नेणं) लावलंत की तीन रात्रींचं बिल. भारतात घड्याळ हलत नाही, त्यामुळे पणजीत आल्तिनोवर बसून कितीही टेस्ट करा, सगळं हिरवंच. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) चालवताना टीझेड, म्हणजे टाइमझोन, युरोप/लंडन ठेवा, मग अमेरिका/न्यूयॉर्क, आणि टेस्ट पुन्हा चालवा. त्या रेपोच्या सीआयमध्ये टीझेड बदलून एकही टेस्ट नसेल तर लेखकाला हा प्रश्न पडलेलाच नाही, असं मी समजतो.

फोंड्याहून
यात मराठीची भर घाला. एमआर-आयएन लोकेलने (भारतातल्या मराठीच्या सेटिंगने) तारीख फॉरमॅट केली की आकडे देवनागरी येतात. दिसायला झकास. पण लायब्ररी तोच मजकूर परत वाचत असेल तर पार्सइंट(‘२४’) म्हणजे एनएएन, ‘हा आकडाच नाही’. लोकेलपुढे यू-एनयू-लॅटन जोडून आकडे इंग्रजी करता येतात, पण खरं म्हणजे दाखवायची आणि पाठवायची तारीख वेगळी हवी. कोंकणी लागणार असेल तर ब्राउझरला ती येते का, हे सपोर्टेडलोकेल्सऑफने आधी विचारा. उत्तरात रिकामा ॲरे आला तर महिन्यांची नावं स्वतः द्यावी लागतील, आणि लायब्ररीत तशी सोय आहे का ते बघा.

म्हापशाहून
मडगावच्या बाबांचा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूने जातो. इतक्या खाचखळग्यांत नवखी लायब्ररी कशाला? दोन साधे डेट इनपुट ठेवा. त्यांची व्हॅल्यू वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंगच असते, टाइमझोनचा प्रश्नच नाही. भरलेले दिवस सर्व्हर सांगेल. तपासणी तिथे करावीच लागते, कारण दोघे एकाच वेळी तीच खोली निवडू शकतात.

पणजीहून
म्हणजे पाहुण्याने तारीख टाकायची, ‘खोली नाही’ ऐकायचं, दुसरी टाकायची, पुन्हा तेच. मग तो फोन लावतो, किंवा शेजारच्याकडे जातो. सर्व्हरची तपासणी ठेवूच, पण कॅलेंडर हवंच.

आताच सोर्स बघितला. आत डेट आहे, मात्र कॉलबॅकला स्ट्रिंगही मिळते. रात्रींचा हिशेब लायब्ररीकडे देणार नाही. दोन्ही दिवस डेट-यूटीसीने काढून वजाबाकी करू, तिथे प्रत्येक दिवस चोवीस तासांचाच. कॅरट काढून ०.४.२ पक्की, आणि आपल्या सगळ्या कोडमधून एकाच रॅपर (लायब्ररीला गुंडाळणाऱ्या) फाइलमध्ये तिचं इम्पोर्ट. उद्या फेकायची वेळ आली तर तेवढीच फाइल बदलू.

मडगावहून
लंडनच्या टीझेडवर टेस्ट चालवली का?

पणजीहून
चालवली. ऑक्टोबरच्या पानावर २६ तारीख दोनदा छापते. पुढची तारीख काढताना चोवीस तास मिळवलेत, दिवसाचा आकडा बदलणारं सेटडेट वापरलेलं नाही. गिटहबवर मेन्टेनरला इश्यू (तक्रार) टाकतोय; उत्तर किती दिवसांत येतं ते बघून ठरवू.

म्हापशाहून
बघा, आणि तोवर दोन इनपुट लावून ठेवा.