सणांचे दिवस हलके कसे केलेत? तुमच्या घरचे अनुभव सांगा

पाचपाखाडी, ठाणे

यंदा, २०२५ ला, गणपती २७ ऑगस्टला बसले आणि ३१ ला, रविवारी, आमच्या पाच दिवसांच्या बाप्पाचं विसर्जन झालं. उत्तरपूजेच्या आरतीला मी निरांजन घेऊन उभी होते आणि तेव्हा पहिल्यांदा लक्ष गेलं की मूर्तीच्या पायाशी बसलेला उंदीर मान वर करून बाप्पाकडे बघतोय. पाच दिवस मूर्ती माझ्या घरात होती आणि मी ती नीट बघितलीच नव्हती. पहाटे साडेपाचला उठून नैवेद्याची तयारी, मग येणाऱ्यांचा चहा, दुपारची पानं, भांडी, संध्याकाळची आरती, परत प्रसाद, परत चहा. मला रडू आलं, बाकीच्यांना वाटलं बाप्पा चाललेत म्हणून.

आता पितृपक्ष चालू आहे तोवर जरा उसंत आहे, पण २२ सप्टेंबरला घट बसतील, मग दसरा, मग मुलांची सहामाही, आणि २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन. मला सण नको झालेत असं अजिबात नाही, उलट मला ते हवेत, म्हणून तर विचारतेय. तुम्ही काय कमी केलंत, काय काही झालं तरी सोडलं नाहीत, आणि घरातल्या मोठ्यांना ते कसं सांगितलंत? हे शेवटचं माझ्यासाठी सगळ्यात अवघड आहे. सासूबाई ७४ च्या आहेत, फार चांगल्या आहेत, आणि त्यांनी आयुष्यभर सगळं एकटीने केलंय.

नेरूळ

आमच्याकडे उभ्या गौरी. पूजनाच्या दिवशी जेवायला चाळीस माणसं, सोळा भाज्या, पुरणपोळी, पाच कोशिंबिरी, आणि हे सगळं आई आणि बायको दोघीच करायच्या. मी ऑफिसला सुट्टी घेऊन नारळ खोवून द्यायचो आणि मला वाटायचं मी खूप मदत करतोय. तीन वर्षांपूर्वी बायकोला आदल्या रात्री दोन वाजता ओट्यापाशी चक्कर आली. दुसऱ्या दिवशी पाहुणे जेवत होते आणि ती आत झोपून होती.

पुढच्या वर्षी मी आईशी बोललो, बायकोने नाही, हे महत्त्वाचं आहे असं मला वाटतं कारण सुनेने सांगितलं की ते आळस वाटतं आणि मुलाने सांगितलं की काळजी वाटते, हे बरोबर नाही पण आहे हे असं. आईला विचारलं यातलं गौरीसाठी काय आणि लोकांसाठी काय? आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, सोळा भाज्या एकत्र शिजवल्या तरी त्या सोळाच. तेव्हापासून सोळा भाज्यांची एकच मिसळीची भाजी होते, भाज्या मी आदल्या दिवशी पहाटे तुर्भ्याच्या मार्केटमधून आणतो आणि आम्ही दोघं भाऊ त्या निवडून चिरून ठेवतो. पुरणपोळी सांगून आणतो, नैवेद्याच्या पाच मात्र आई स्वतः करते. जेवायला फक्त सवाष्ण आणि घरचे, बाकीच्यांना संध्याकाळी हळदीकुंकू आणि दर्शन, वाटली डाळ आणि पेढा. एक मावशी नाराज झाल्या, दोन वर्षं आल्या नाहीत, यंदा आल्या.

घोडबंदर रोड

भाऊबीज! आम्ही दरवर्षी एका दिवसात तीन घरं करायचो. सकाळी डोंबिवलीला माझे भाऊ, दुपारी खारघरला नणंद, रात्री पनवेलला चुलत सासरे, आणि परत येताना माजिवड्यापासून पुढे गाडी हलत नाही, मागच्या सीटवर मुलगी झोपलेली, मांडीवर तीन घरच्या फराळाचे डबे. एका वर्षी हिशेब केला तर गाडीत साडेसहा तास आणि प्रत्येक घरात जेमतेम पाऊण तास. भावाला ओवाळून मी त्याच्याशी धड दोन वाक्यंही बोलले नव्हते.

आता सगळ्या भावंडांनी मिळून ठरवलंय, भाऊबीज एकाच घरी, दरवर्षी घर बदलायचं, आणि माहेरची भाऊबीज पुढच्या रविवारी. माझी आई म्हणाली तिथी महत्त्वाची, मग त्या दिवशी संध्याकाळी मी चंद्राला ओवाळते, भाऊ जवळ नसेल तर चंद्राला ओवाळतात हे तिनेच लहानपणी शिकवलं होतं, त्यामुळे तिलाही पटलं. यजमानांनी फक्त भात आणि आमटी करायची, बाकी प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा.

कोपरखैरणे

फराळाचं सांगते. आमच्या मजल्यावर चार घरं. दोन वर्षांपासून प्रत्येक घर एकच पदार्थ करतं पण चार घरांना पुरेल एवढा, आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी वाटून घेतो. माझ्याकडे चकली, कारण भाजणी मला जमते: एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, पाव किलो मूग डाळ, धणे-जिरे, सगळं धुऊन सावलीत वाळवून वेगवेगळं मंद आचेवर भाजायचं. शेजारच्या काकूंकडे बेसन लाडू, समोर चिवडा, कोपऱ्यातल्या घरी शंकरपाळी, ते लोक तामिळ आहेत, पहिल्या वर्षी आमच्याकडे बसून शिकले आणि आता आमच्यापेक्षा खुसखुशीत करतात. माझा चार रात्रींचा तळणीचा कार्यक्रम एका रविवारच्या दुपारवर आलाय.

अनारसे आम्ही सोडले. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, मग गूळ घालून पीठ मुरवा आणि एवढं करून तुपात सोडल्यावर ते हसले, म्हणजे विरघळून पसरले, की संपलं. ज्यांना हवेत ते बचत गटाकडून घेतात, पण ऑर्डर कोजागिरीच्या आत द्या, नंतर त्या बायकांनाच जागरणं होतात.

घणसोली गाव

मी जरा वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. आम्ही आगरी, एकत्र कुटुंब, ३२ माणसं. आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, चिंबोऱ्या, मटण, वडे, सगळं. आम्ही काही कमी केलेलं नाही आणि करणारही नाही, कारण त्या दिवशी आत्या येतात, माहेरवाशिणी येतात, रात्रभर गाणी आणि नाच चालतो, वर्षभर आम्ही त्याचीच वाट बघतो. पण काम कुणा एकीच्या डोक्यावर नसतं. चिंबोऱ्या साफ करणं दिरांचं, मटण सासरे स्वतः शिजवतात, नारळ-वाटण आम्ही जावा मिळून, मुलं पानं मांडतात, भांडी पुरुष घासतात. वर सगळे म्हणताहेत पदार्थ कमी करा. पण दोन खोल्यांच्या घरात एकटी बाई दहाच्या जागी पाच पदार्थ करायला लागली तरी ती एकटीच असते ना? आधी ते बघा असं मला वाटतं.

ठाणे पश्चिम

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, आवाज सहन होत नाही. आधी आम्ही नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याला राममारुती रोडला घेऊन जायचो, कारण आम्ही दोघं कॉलेजच्या दिवसांत तिथेच जायचो, आणि वाटायचं त्यालाही ते मिळावं. स्पीकर, ढोल, इतकी गर्दी. तो कान दाबून रस्त्यात बसला आणि उठेना, लोक बघत होते, कोणीतरी म्हणालं पोराला फटका द्या. त्यानंतर आम्ही तो हट्ट सोडला. आता अभ्यंगस्नान झालं की पाचलाच तलावपाळीला जातो, गर्दी व्हायच्या आत, तो कठड्यापाशी उभा राहून पाण्यातले दिवे बघतो, वीस मिनिटं, की घरी. लक्ष्मीपूजन सूर्य मावळल्यावर लगेच, सव्वासहाला उरकतो आणि फटाके सुरू झाले की आतल्या खोलीत खिडक्या बंद करून तिघं बसतो, त्याचे हेडफोन, त्याचे ठोकळे. नातेवाईकांना मेसेज करून सांगतो की त्या संध्याकाळी येऊ नका, पाडव्याला सकाळी या. पहिल्या वर्षी तो मेसेज पाठवताना हात थरथरत होते. सगळे पाडव्याला आले.

सीवूड्स

आम्ही सिंधुदुर्गातले, गणपती गावाला. २५ ऑगस्टच्या गाडीचं बुकिंग २६ जूनला सकाळी आठला उघडलं आणि काही मिनिटांत वेटिंग. दरवर्षी तीन भावांची तीन कुटुंबं जाण्यासाठी जीव काढायची. आता एका भावाचं कुटुंब आधी जाऊन घर झाडून, सारवून, माटवी (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट) बांधून ठेवतं, बाकीचे एसटीने मिळेल तसे जातात, आणि ज्याला सुट्टी नाही त्याला कोणी बोलायचं नाही असं वडिलांसमोर ठरलंय. डेकोरेशन काही नाही. माटवीला काकड्या, कवंडळं (रानातली लाल फळं), सुपाऱ्या, आंब्याचे टाळे आणि मागे आजीची लुगडी.

ऐरोली

आमचं छोटंच. शाडूची आठ इंची मूर्ती, विसर्जन घरी बादलीत. वडिलांना गुडघ्यांमुळे तलावापाशी रांगेत उभं राहता येत नाही, ते दोन वर्षं घरीच थांबत होते आणि आम्ही परत आल्यावर विचारायचे, नीट गेला ना? आता ते खुर्चीत बसून स्वतःच्या हाताने मूर्ती पाण्यात सोडतात. सकाळपर्यंत माती विरघळते, ती कुंडीत घालतो.

खारघर

आमच्या घरी बाबा गेल्यानंतरची पहिली दिवाळी होती. वर्षाच्या आत फराळ करायचा नाही, कंदील लावायचा नाही असं सगळे म्हणत होते आणि आईलाही काही नको होतं. पण मुलाने विचारलं किल्ला तरी करू का. सोसायटीच्या माळ्याने माती दिली, विटा, गोणपाट, वर अळीव पेरले, चौथ्या दिवशी किल्ला हिरवागार. आई रोज संध्याकाळी खाली उतरून त्यावर पाणी शिंपडायची. बाबाच दरवर्षी महाराजांना सिंहासनावर बसवायचे, त्या वर्षी तिने बसवले. शेजारच्यांनी फराळ आणून दिला तो खाल्ला. आता दुःख हलकं झालंय, फराळही करतो, पण दिवाळीची सुरुवात किल्ल्यानेच होते.

पाचपाखाडी, ठाणे

सगळ्यांचं दोनदोनदा वाचलं. घणसोलीच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते नवऱ्याला वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही, पण रात्री त्याने स्वतःहून विचारलं की पूजेचं साहित्य, कंदील आणि जांभळी नाक्यावरची सगळी खरेदी माझ्याकडे राहू दे का. राहू दे म्हटलं.

आणि नेरूळच्या दादांसारखंच त्यालाच सासूबाईंशी बोलायला पाठवणार होते, पण काल त्या मटार सोलत बसल्या होत्या तर मीच शेजारी बसले आणि विचारलं, आई, दिवाळीत तुम्हाला नक्की काय काय हवंय? मला वाटलं यादी येईल. त्या म्हणाल्या, अनारसे नकोत, तुमचे चिरोटेही मला आता चावत नाहीत. पण मला खाली बसून पणत्या लावता येत नाहीत गं, गेल्या वर्षीपासून. कोणाला सांगितलं नाही. तेवढ्या खिडकीपाशी टेबलावर ठेवशील?