मदत हवी आहे: हायब्रीड पराटीची (कपाशीची) घरची सरकी लावली तर झाडं वेगवेगळी काऊन होतात?

कोरडवाहू:
नमस्कार मंडळी, यवतमाळकडचा आहो. बॅगांचा खर्च पाहून बाबांनी मागच्या हंगामातल्या बीटी (बोंडअळी मारणारा जीन घातलेल्या) हायब्रीडची सरकी ठेवली होती, टपोऱ्या बोंडांतली हातानं काढून, शेणमाती चोळून. धुऱ्याकडच्या तासांत लावली, उगवली पण मस्त, पण आता पाहाल तर एक झाड कमरेला लागते आणि त्याच्या बाजूचं गुडघ्याच्या वर जात नाही, एकाचं बोंड टपोरं तर दुसऱ्याचं बारकं, आणि एकाच तासात काही झाडांच्या पात्या अळीनं पोखरल्या तर काही साफ.

बहीण दहावीत आहे, तिच्या पुस्तकात सूत्री विभाजन वाचलं. एका पेशीच्या दोन होतात अन् गुणसूत्रं जशीच्या तशी दोघींत जातात. मग सरकी पण त्याच झाडाच्या पेशींपासूनच बनली न? वरुडला मामाची संत्र्याची बाग आहे, तिथली कलमं सगळी एका छापाची. बियाण्याच्या भावावर भांडायचं असेल तर दुसरा धागा काढा, मले इथं पेशीच्या आत काय होते तेवढंच सांगा.

बायोवाली ताई:
भाऊ, बहिणीला तोच धडा थोडा पुढं वाचायला सांग, तिथं अर्धगुणसूत्री विभाजन आहे, सगळा घोळ तिथंच.

अमेरिकन कपाशीच्या पेशीत ५२ गुणसूत्रं असतात, २६ आईकडची, २६ बापाकडची. मूळ, खोड, पान वाढतं ते सूत्री विभाजनानं. आधी ५२ ची प्रत्येकी एक नक्कल तयार होते, मग सगळी पेशीच्या मधोमध रांगेत येतात, जोडलेल्या नकला सुटून दोन टोकांकडं ओढल्या जातात आणि दोन्ही पेशींत परत ५२ च. इथपर्यंत तुझं बरोबर आहे. पण सरकी पराग आणि बीजांड मिळून बनते, आणि ते बनताना अर्धगुणसूत्री विभाजनानं ५२ चे २६ होतात, म्हणजे प्रत्येक जोडीतलं एकच पुढं जातं. कोणतं जाईल ते दर जोडीला वेगळं ठरतं. नुसतं तेवढंच धरलं तरी २६ जोड्यांचे ६ कोटी ७१ लाखांच्या वर प्रकार होतात, आणि त्याआधी जोडीतली दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटून तुकड्यांची अदलाबदल करतात ते वेगळंच. पत्त्यांचा कॅट पिसून अर्धा वाटला असं समज.

मग बॅगेतलं बी एकसारखं कसं? तर हायब्रीडचे आई-बाप दोन वेगळे पण शुद्ध वाण असतात. आईच्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रं सारखीच, बापाचंही तसंच, त्यामुळं कितीही पिसा, निघते तेच. खरी सरमिसळ तुझ्या वावरातल्या झाडात पहिल्यांदा होते, आणि ती दिसते त्याच्या सरकीत.

अळीचं पण तेच. बीटीचा जीन बहुतेक हायब्रीडमधे एकाच पालकाकडून आलेला असतो. एक जीन असेल तर पुढच्या पिढीत साधारण चारांतल्या एका झाडात तो नसतोच. बीजी-२ नावाच्या बीटी बियाण्यात दोन जीन आहेत, तिथं सोळांतल्या एकात दोन्ही नाहीत आणि सहांत दोहोंपैकी एकच.

राजेहो:
ताई, म्हणजे बॅगेच्या झाडाला जे बोंड लागते त्यातली सरकी पण तशीच मिसळलेली?

बायोवाली ताई:
हो! हे फार कमी लोकांच्या ध्यानात येते. झाड बीटीचं, पण बोंडातली सरकी पुढची पिढी, त्यामुळं एकाच बोंडात काही सरक्यांत अळी मारणारं बीटीचं विष, काहींत नाही. आणि गुलाबी बोंडअळी नेमकी सरकीच खाते. २०१७ ला विदर्भात तिनं पराटीचं जे नुकसान केलं ते सगळ्यांना आठवत असेल, तिला बीटीची सवय होण्यामागं जी कारणं सांगतात त्यांत हे पण एक आहे.

खुंट-डोळा:
संत्र्याचं मी सांगतो, आमची नर्सरी आहे. जंबेरीच्या (लिंबाच्या एका जातीच्या) खुंटावर आडवी-उभी चीर देऊन संत्र्याचा डोळा बसवतो, पट्टी बांधतो. त्या डोळ्यातूनच अख्खं झाड वाढते, सूत्री विभाजनानं, पराग-बीजांडाचा संबंधच नाही, म्हणून मामाची बाग एका छापाची. गंमत म्हणजे जंबेरी तर बियांपासूनच करतो तरी रोपं बरीचशी सारखी निघतात, कारण एका बीत दोन-तीन अंकुर असतात आन् त्यातले बहुतेक आईच्याच पेशींपासून होतात. वेगळी दिसली ती रोपं आम्ही उपटून फेकतो.

कोरडवाहू:
समजलं, मस्त. मग घरचं बी ठेवायचंच असेल तर सरळ वाण (हायब्रीड नसलेला) लावावा लागेल न? आणि बाबा विचारतात, हायब्रीडचीच फरदड ठेवली, म्हणजे वेचणी झाल्यावर तीच झाडं न उपटता पुढं राखली तर? झाड तर तेच राहते.

बायोवाली ताई:
सरळ वाणाचं बी ठेवता येतं. फक्त बी वावराच्या मधल्या भागातून घे, धुऱ्याकडच्या फुलांवर मधमाश्या शेजाऱ्याच्या हायब्रीडचा पराग आणतात. फरदडीचं बाबा बरोबर म्हणतात, झाड तेच, पेशी त्याच. पण उन्हाळ्यापर्यंत बोंडअळीला खायला मिळत राहते, तेव्हा डिसेंबर-जानेवारीत पराटी उपटाच.